जागा न सोडणारी माणसं : मुंबई, मालेगाव आणि आपण खानदेशी

तापीकाठ (भुसावळ)

नोव्हेंबर संपत आला की मोबाइलवर तेच फोटो फिरू लागतात. ताजच्या घुमटातून निघणारा धूर, गेटवेवरच्या मेणबत्त्या आणि खाली एक ओळ : मुंबई कधी थांबत नाही. ती ओळ मला खोटी वाटत नाही. पण ती अर्धीच आहे, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल आपल्या भागातल्या लोकांशी नीट बोलावं म्हणून हा धागा काढतोय.

मी मध्य रेल्वेत गार्ड होतो, आता निवृत्त आहे. शहर थांबलं नाही असं पेपरात छापून येतं तेव्हा त्यामागे काय असतं ते सांगतो. पहाटेची पहिली लोकल सुटायची तर मोटरमन आणि गार्डने आधी लॉबीत येऊन सही केलेली असावी लागते. रेक कारशेडमधून तपासून निघालेला असतो. कंट्रोलमध्ये, केबिनमध्ये रात्रपाळीचा माणूस जागा असतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर (आताचं सीएसएमटी) गोळ्या चालल्या आणि २७ च्या सकाळी तिथूनच लोकल सुटत होत्या. शाळा-कॉलेजं बंद, शेअर बाजार बंद, ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाउसमध्ये चकमक चालूच, पण लोकल चालू. फलाटावरचं रक्त रात्रीतून कुणीतरी धुतलं होतं. त्या सफाई कामगारांची नावं मला कुठल्याही फलकावर दिसली नाहीत.

सीएसटीवर गोळीबार झाला तो लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूला, प्रवासी सामान घेऊन खाली बसलेले असतात त्या हॉलमध्ये. आपल्या माणसांना तो हॉल पाठ आहे. मुंबईत दवाखाना असो, मंत्रालयातलं काम असो की मुलाची परीक्षा, परतीच्या रात्रीच्या गाडीची वाट तिथेच बघायची, भाकरीचं गाठोडं तिथेच सोडायचं. तिथे ५० हून अधिक माणसं मेली. पूर्ण हल्ल्यात १६६. त्या रात्री भुसावळ स्टेशनवर चौकशीच्या खिडकीपुढे लोक उभे होते. कुणाचा भाऊ मुंबईला गेलेला, कुणाची सासू निघणार होती. फोन लागत नव्हते. आणि खिडकीतल्या माणसाला टीव्हीवर दिसत होतं त्यापलीकडे काही माहीत नव्हतं.

मला सांगायचं आहे ते विष्णू झेंडे यांच्याबद्दल. सीएसटीवर उद्घोषणा करणारा रेल्वेचा माणूस. केबिनमधून त्यांना खाली काय चाललंय ते दिसलं. माइक बंद करून टेबलाखाली बसले असते तर कुणीही नाव ठेवलं नसतं. ते हिंदीत आणि मराठीत सांगत राहिले की मेन लाइनकडे जाऊ नका, एक नंबर फलाटाकडून मागच्या बाजूने बाहेर पडा. लोकलमधून उतरणारी शेकडो माणसं त्या आवाजावर बाहेर पडली. हल्लेखोरांनी केबिनच्या दिशेने गोळ्या झाडल्या, तरी आवाज थांबला नाही. रेल्वे पोलिसांचे वरिष्ठ निरीक्षक शशांक शिंदे फलाटावर लढताना गेले. आरपीएफचे, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचे, जिल्लू यादव यांनी तर हातात काही उरलं नाही तेव्हा खुर्ची फेकून मारली.

ही माणसं मला फार मोलाची वाटतात. सकाळी कामावर जाणाऱ्याचं धैर्य मी कमी लेखत नाही, पण जागा सोडायची मुभा असताना ती न सोडणाऱ्याचं धैर्य वेगळं आहे. शहर अशा माणसांवर उभं राहतं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. आणि कृपा करून इथे जातधर्मावरून कुणी वाद आणू नये.

केळीचा_मळा (रावेर)

तापीकाठ आबा, लेख मनापासून आहे. पण पोटाची बाजू मांडल्याशिवाय मला राहवत नाही.

त्या आठवड्यात आमच्याकडे केळीची कापणी चालू होती. टीव्हीवर ताज जळत होतं आणि वाशीला जाणारे दोन ट्रक भरून उभे होते. घड एकदा कापला की तो कुणाची वाट बघत नाही, तीन-चार दिवसांत रंग बदलायला लागतो. ड्रायव्हरच्या बायकोने फोन करून सांगितलं की त्यांना पाठवू नका. ड्रायव्हर म्हणाला, शेठ, भाडं बुडलं तर हप्ता कोण भरेल? आणि तो गेला. परत आला तेव्हा त्याला शूर म्हणणारं कुणी नव्हतं, आणि त्याला तसं वाटतही नव्हतं.

मुंबईत पहाटे विरारला, बदलापूरला गाडीत चढणाऱ्या लाखो लोकांचं हेच आहे. एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार. त्यांच्या मजबुरीला आपण शौर्याचं लेबल लावलं की त्यांचं रक्षण करणाऱ्यांची जबाबदारी आपोआप हलकी होते. नेते टीव्हीवर मुंबईकरांना सलाम करतात तेव्हा मला राग येतो तो ह्याचाच.

आमन्या अहिराणीत म्हनू ते, पोट कोणले घर बसू देस नही, भो. त्येनं कौतुक करा, पन त्येना जीवनी काळजी बी करा.

शहाद्याची_सिस्टर

मी नंदुरबार जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. आबांनी झेंड्यांचं लिहिलं, मी अंजली कुलथे यांचं लिहिते, कारण आमच्या व्यवसायात त्यांचं नाव घेतलं की मान आपोआप वर होते.

कामा हॉस्पिटल सीएसटीच्या मागेच आहे. बायकांचं आणि बाळंतपणाचं हॉस्पिटल. सीएसटीवरून निघालेले दोघे मागच्या भिंतीवरून आत शिरले. दारावरचे दोन पहारेकरी मारले गेले, एक परिचारिका जखमी झाली. कुलथे सिस्टर त्या रात्री प्रसूतिपूर्व वॉर्डात ड्यूटीवर होत्या, त्यांच्या ताब्यात २० गरोदर बायका. त्यांनी वॉर्डाचे दरवाजे लावले, सगळ्या बायकांना टोकाच्या लहानशा पँट्रीत नेलं, दिवे बंद केले. त्यात एकीला कळा सुरू झाल्या. डॉक्टर वॉर्डात येऊ शकत नव्हते. मग सिस्टरने तिला धरून, भिंतीला लागून अंधारात प्रसूतिकक्षापर्यंत नेलं आणि बाळ सुखरूप झालं.

हे वाचून ज्यांना फक्त हिंमत दिसते त्यांना एक सांगते. नवव्या महिन्यातल्या बाईला घाबरलेल्या अवस्थेत उठवून चालवणं म्हणजे काय ते आम्हाला माहीत आहे. रक्तदाब वाढतो, पाणी जाऊ शकतं, एक ओरडली तर सगळ्या ओरडतात. २० जणींना गप्प ठेवायचं तर आपला आवाज शांत लागतो. ती शांतता वर्षानुवर्षांच्या रात्रपाळीतून येते, एका रात्रीत येत नाही.

नंतर त्यांनी कोर्टात कसाबला ओळखलं, आणि साक्ष गणवेशातच दिली. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही त्या बोलल्या. माझ्या मुलीला मी हे सगळं सांगितलं आहे.

केळीचा_मळा भाऊ, तुमचा मुद्दा मला पटतो. पण सिस्टर पगारासाठी ड्यूटीवर होत्या हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की त्या पँट्रीचं दार उघडून पळायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं.

जिभाऊ_धुळे

जय हिंद. मी पोलिस दलात होतो. २६/११ ला मुंबईत नव्हतो, पण नंतर बंदोबस्ताला बरेच महिने होतो, त्यामुळे मैदानावरची बाजू मांडतो.

हल्लेखोर १० होते. कराचीहून निघाले, समुद्रात 'कुबेर' हा ट्रॉलर ताब्यात घेतला, त्याच्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, मारलं आणि रबरी बोटीतून बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले. हातात एके-४७, हातबाँब. आणि समोर आमचे शिपाई. कुणाकडे लाठी, कुणाकडे जुनी पॉइंट थ्री नॉट थ्री रायफल, आणि सरावाला मिळालेल्या गोळ्या हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या. एनएसजी, म्हणजे केंद्राची कमांडो तुकडी, हरियाणातल्या मानेसरहून यायची होती, ती सकाळी पोचली. तोवर शहर लाठीवाल्यांनी धरून ठेवलं.

हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर हे आमचे अधिकारी कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत गोळ्या लागून मारले गेले. त्याच गाडीत मागे जखमी होऊन पडलेले अरुण जाधव वाचले, आणि त्यांनीच वायरलेसवर खबर दिली. पुढे गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे. साताऱ्याच्या जावळीतलं केडंबे हे त्यांचं गाव, आधी सैन्यात होते. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. म्हणून तो जिवंत सापडला, आणि म्हणूनच कट कुठे शिजला ते जगापुढे सिद्ध करता आलं. पुढे २०२१ मध्ये ठाण्यात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी ओंबळेंचं नाव दिलं, 'आयसियस तुकारामी'. मला ही गोष्ट फार आवडते. चौकाला नाव सगळेच देतात.

२६ जानेवारी २००९ ला ओंबळे, करकरे, कामटे, साळसकर, मेजर संदीप उन्नीकृष्णन, हवालदार गजेंद्रसिंह यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. देणाऱ्या राष्ट्रपती आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील होत्या. टीव्हीवर ते बघताना आमच्या बराकीत कुणीच बोललं नव्हतं.

आता कडू भाग. हल्ल्यानंतर गृहमंत्री आणि मुख्यमंत्री पायउतार झाले, चौकशीला राम प्रधान समिती बसली, एनआयए ही राष्ट्रीय तपास यंत्रणा झाली, फोर्स वन हे राज्याचं कमांडो दल उभं राहिलं, एनएसजीचं केंद्र मुंबईत आलं. हे झालं ते चांगलंच झालं, पण हे आधी का नव्हतं? १९९३ ला आरडीएक्स समुद्रातूनच आलं होतं ना? १५ वर्षं किनारा तोच आणि भोक तेच. शिपायाच्या छातीवर किती वेळा भिस्त ठेवायची?

तापीकाठ (भुसावळ)

जिभाऊ, सॅल्यूट. सिस्टर, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

केळीचा_मळा भाऊ, पोटाचं म्हणणं मान्य. जिभाऊंनी विचारलेला प्रश्न आणि तुमचा राग एकाच ठिकाणी जाऊन पोचतात असं मला वाटतं. ज्यांनी जागा सोडली नाही त्यांचं नाव घ्यायचं आणि ज्यांनी जागा राखलीच नव्हती त्यांना त्याच तोंडाने जाब विचारायचा. दोन्ही एकत्र करता येतं.

वकिली_जळगाव

इथे अजून कुणी खटल्याबद्दल बोललं नाही, म्हणून मी.

जळगावच्या जिल्हा न्यायालयात आजही नव्या वकिलांना जुने लोक सांगतात, उज्ज्वल निकम इथेच वकिली करायचे. शिक्षण जळगावात, सरकारी वकील म्हणून सुरुवात जळगावात, आणि तिथून थेट १९९३ च्या बाँबस्फोट खटल्यात विशेष सरकारी वकील. १२ मार्च १९९३, शुक्रवार, दुपारी शेअर बाजाराच्या इमारतीपासून सुरुवात, दोन तासांत शहरभर स्फोट, २५७ मृत. त्या खटल्यात शंभरावर आरोपी होते आणि निकाल यायला २००६-०७ उजाडलं. मग २६/११ चा खटलाही निकमांकडेच आला.

कसाबचा खटला मी विद्यार्थीदशेपासून वाचत आलोय. आर्थर रोड तुरुंगातच विशेष न्यायालय उभारलं, न्यायाधीश ताहिलियानी. मुंबईतल्या एका वकील संघटनेने ठराव केला होता की कसाबचं वकीलपत्र कुणी घेणार नाही. तरी न्यायालयाने त्याला वकील दिला. बदलावा लागला तेव्हा दुसरा दिला. उच्च न्यायालयात दिला, सर्वोच्च न्यायालयातही दिला. मे २०१० मध्ये फाशी, फेब्रुवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब, २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाचं, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात अंमलबजावणी.

याच खटल्यातला एक तपशील लोक विसरतात. कसाबबरोबर दोन भारतीय आरोपी होते. पुरावा पुरेसा नाही म्हणून विशेष न्यायालयाने दोघांना सोडलं, आणि ती सुटका वर सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. देशात एवढा संताप होता, तरी न्यायालयाने पुरावा पाहूनच निर्णय दिला. माझ्या मते दहशतवादाला दिलेलं हे सर्वांत कणखर उत्तर आहे. त्यांना हवं असतं की आपण चिडून आपलेच नियम फेकून द्यावेत. आपण ते फेकले नाहीत.

निकम साहेबांबद्दल आदर ठेवूनच एक लिहितो. तुरुंगात कसाबने मटण बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपण रचली होती, त्याच्या बाजूने सहानुभूतीची लाट येऊ नये म्हणून, असं त्यांनीच २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितलं. मला ते पटलं नाही. हातात एवढा भक्कम पुरावा असताना त्याची गरज नव्हती. आपल्या गावचा माणूस असला तरी हे म्हणायला हवं.

अमळनेरकर

वकीलसाहेब, तुमचं कसाबबद्दलचं बरोबर. पण तो रंगेहाथ सापडला होता. ११ जुलैचं काय?

२००६ साली मी मालाडला राहायचो. संध्याकाळी ६.२४ ते ६.३५, अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत स्फोट. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. प्रेशर कुकरमध्ये बाँब, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. १८० हून अधिक जीव गेले. मी त्या गाड्यांत नव्हतो, पण ती रात्र हायवेवरून चालत काढली. पाऊस होता. रुळांच्या कडेच्या झोपड्यांतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली आणि त्या चादरींत जखमींना बांधून नेलं. ज्यांच्या घरात दुसरी चादर असेल की नाही ठाऊक नाही, अशी माणसं. रस्त्यावर लोक पाणी आणि बिस्किटं घेऊन उभे होते, अनोळखी गाडीवाले दार उघडून बसा म्हणत होते. रात्रीतच गाड्या पुन्हा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी शेअर बाजार उघडा होता आणि निर्देशांक वर चढला, त्याचंही कौतुक झालं.

आणि मग? २०१५ ला विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं, सरकारी पक्षाला गुन्हा सिद्ध करता आला नाही म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांनी म्हटलं की तो निकाल दाखला म्हणून वापरू नये, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात बोलावलं नाही. १९ वर्षं. ज्यांचा माणूस गेला त्यांनी आता कुणाकडे बोट दाखवायचं? आणि जे एवढी वर्षं आत होते ते दोषी नसतील तर त्यांच्या वर्षांचं काय? शहराने आपलं काम त्याच रात्री केलं, चादरी आणल्या. बाकीच्यांनी केलं का?

वकिली_जळगाव

अमळनेरकर, याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. कच्चा तपास हा मेलेल्यांवर झालेला दुसरा अन्याय असतो, एवढं मात्र ठामपणे म्हणेन. पुरावा कच्चा असेल तर न्यायालयाने सोडलंच पाहिजे, कारण चुकीचा माणूस आत असला की खरा माणूस बाहेर असतो. राग तपासावर काढा, न्यायाधीशांवर नको.

मोसमकाठ (धुळे)

हा धागा दोन दिवस वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं. मी धुळ्यात शिक्षिका आहे, माझं माहेर मालेगावचं. वडील यंत्रमाग कामगार होते.

११ जुलै २००६ नंतर दोन महिनेही झाले नव्हते. ८ सप्टेंबर, शुक्रवार, शब-ए-बारातचा दिवस. जुम्म्याची नमाज झाली आणि बडा कब्रस्तानजवळ, हमीदिया मशिदीच्या आवारात आणि मुशावरत चौकात स्फोट झाले. त्या दिवशी कब्रस्तानात लहान मुलं मोठ्यांचं बोट धरून येतात, दारात फकीर बसलेले असतात, कारण त्या दिवशी दान देतात. ३१ माणसं गेली, ३०० हून अधिक जखमी झाली. मालेगावात तेव्हा एवढ्या जखमींना पुरेल असा दवाखानाच नव्हता. हातगाडीवर, रिक्षात, खांद्यावर लोकांनी लोकांना नेलं. किती तरी जणांना धुळ्याला आणि नाशिकला हलवावं लागलं. आमच्या गल्लीतल्या तरुणांनी दंड पुढे केले रक्तासाठी, आणि नदीपलीकडच्या कॅम्प भागातलेही आले.

मालेगावात २००१ ला दंगल झाली होती. सगळ्यांना भीती होती की आता पुन्हा पेटणार. संचारबंदी लागली, पण गाव पेटलं नाही. याला मी उभं राहणं म्हणते. मशिदीतून शांत राहा असं सांगितलं जात होतं, आणि मोहल्ल्यातली वडीलधारी माणसं रात्री चौकात बसून होती, तरुण पोरं बाहेर पडू नयेत म्हणून. माझे अब्बा त्यात होते.

मग माग सुरू झाले. आमच्याकडे मजुरी आठवड्याची, शुक्रवारी सुट्टी. माग बंद म्हणजे घरात पीठ नाही. केळीचा_मळा भाऊ, तुम्ही लिहिलंत ते आमच्याही घरचं आहे. खटखट खटखट आवाज पुन्हा सुरू झाला तेव्हा अम्मी रडली होती. पण मालेगावला कुणी सलाम केला नाही. कुठल्या वाहिनीने म्हटलं नाही की बघा, हे शहर थांबलं नाही. उलट गावच्याच नऊ जणांना धरलं गेलं. ते कित्येक वर्षांनी जामिनावर सुटले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. त्यानंतर २९ सप्टेंबर २००८, भिक्कू चौक, सहा मृत. त्याचा निकाल ३१ जुलै २०२५ ला लागला, सातही आरोपी निर्दोष. न्यायालयाने निकाल दिला, मी त्यावर वाद घालत नाही. पण दोन्ही वेळा मेलेल्यांचं घर अजून विचारतंय की मग केलं कुणी?

२००८ च्या त्या स्फोटाचा तपास करकरे साहेब करत होते. स्फोटाला दोन महिने व्हायच्या आत ते मुंबईत मारले गेले. आमच्या गावात त्यांच्यासाठी लोक रडले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

अजून एक. २६/११ नंतर नऊ हल्लेखोरांची प्रेतं मरीन लाइन्सच्या कब्रस्तानात पुरायला तिथल्या मुस्लिम जामा मशीद ट्रस्टने नकार दिला. निरपराधांना मारणारा आमचा नाही, असं म्हणून. ती प्रेतं वर्षभर जेजे रुग्णालयाच्या शवागारात पडून राहिली आणि जानेवारी २०१० मध्ये सरकारने गुपचूप कुठेतरी पुरली. दफन नाकारणं आमच्यात किती मोठी गोष्ट आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांना तो नकार किती धारदार होता ते कळेल. मुंबईच्या निर्धाराबद्दल लिहिताना हेही लिहावं असं मला वाटतं.

केळीचा_मळा (रावेर)

ताई, बरं झालं लिहिलंत. आम्ही रावेरहून मालेगावला कित्येकदा जातो, आणि हे कधी कुणाला विचारलं नाही.

तापीकाठ (भुसावळ)

मोसमकाठ ताई, धाग्याच्या नावात मालेगाव जोडलं आहे. ते पहिल्यापासूनच असायला हवं होतं.

चोपडेकर_ठाण्यात

काका, ताई, सगळ्यांना नमस्कार. २००८ ला मी पाचवीत होतो, चोपड्याला. आता ठाण्यात नोकरी, रोज सीएसएमटीपर्यंत लोकल. ज्या हॉलबद्दल तुम्ही लिहिलंत तिथून रोज जातो. मेटल डिटेक्टरची चौकट आहे, ती वाजत राहते, लोक जात राहतात. माझ्याबरोबर काम करणाऱ्या माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना ओंबळेंचं नाव माहीत आहे, पण झेंडे किंवा कुलथे सिस्टर यांचं नाही. मलाही आजच कळलं.

एक विचारायचं होतं. १९९३ नंतर शहर दुभंगलं नाही असं घरी ऐकलंय. दोन महिने आधी तर दंगली झाल्या होत्या. मग मार्चमध्ये काय वेगळं झालं?

तापीकाठ (भुसावळ)

चोपडेकर, चांगला प्रश्न. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ च्या दंगलींत मुंबईत शेकडो माणसं मेली होती. जखमा ओल्या होत्या. मार्चमधले स्फोट पुन्हा दंगल पेटावी म्हणूनच होते असं अनेकांचं मत आहे. शरद पवार नुकतेच मुख्यमंत्री होऊन आले होते. त्यांनी टीव्हीवर स्फोटांच्या ठिकाणांत मस्जिद बंदरचं नावही घेतलं, जिथे स्फोट झालाच नव्हता. फक्त एकाच समाजाच्या वस्तीला लक्ष्य केलं असं वाटू नये म्हणून हे मुद्दाम केलं, असं त्यांनी नंतर स्वतः सांगितलं. सोमवारी शेअर बाजार उघडला. दंगल झाली नाही. पण सगळं श्रेय एका भाषणाला देऊ नको. जानेवारीत जे भाजून निघाले होते ते लोकही थकलेले होते, आणि मोहल्ला समित्यांचं काम पुढे उभं राहिलं ते त्याच काळात.

वकीलसाहेब विचारतील की बिर्याणी चुकीची तर मस्जिद बंदर कसं बरोबर? मी म्हणेन, एका वाक्याने त्या रात्री माणसं वाचली असतील तर मी त्याला दोष देणार नाही.

वकिली_जळगाव

विचारणारच होतो. एकात जीव वाचवायचा होता, दुसऱ्यात नव्हता. एवढा फरक मी मानतो, तरी मनात खटकतं ते खटकतंच.

जिभाऊ_धुळे

चोपडेकर, त्या चौकटीबद्दल. ती एकटी काही थांबवू शकत नाही, तिच्या मागे बॅग उघडून बघणारा माणूस लागतो. आणि तू बेवारस पिशवी बघितलीस तर हात लावू नको, लोकांना लांब कर आणि आरपीएफला सांग. गाडी सुटेल म्हणून तसाच पुढे जाऊ नको.

शहाद्याची_सिस्टर

जिभाऊंनी मुद्दा काढलाच आहे तर माझंही लिहिते. स्फोट असो, गोळी असो की धुळे महामार्गावरचा अपघात, जखमी माणूस डॉक्टरपर्यंत पोचायच्या आत रक्त जाऊन मरतो. म्हणून एवढं प्रत्येकाला यावं :

रक्त येतंय तिथे स्वच्छ कापड ठेवून तळहाताने जोरात दाबायचं आणि दाब सोडायचा नाही. कापड भिजलं तर ते न काढता त्यावरच दुसरं ठेवायचं. हात किंवा पाय असेल आणि दाबूनही रक्त उसळत असेल तर जखमेच्या वर, सांधा सोडून, रुंद पट्टी घट्ट आवळायची आणि किती वाजता आवळली ते लिहून ठेवायचं. अंगात काही घुसलं असेल तर उपटून काढायचं नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, आपल्याकडे हे हमखास करतात. अंगावर पांघरूण टाकायचं. आणि एकाने लगेच १०८ लावायचा. दहा जणांनी फक्त उभं राहून शूटिंग करायचं नाही.

अमळनेरकर दादांनी चादरींचं लिहिलं ना, त्या लोकांना कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तर अजून काही वाचले असते, असं मला राहून राहून वाटतं. मी सुट्टीच्या दिवशी येऊन शिकवायला तयार आहे. प्रवासखर्च नको.

मोसमकाठ (धुळे)

सिस्टर, आमच्या शाळेत या. नववी-दहावीची मुलं आहेत, शंभरेक होतील. पालकांनाही बोलावते. मुख्याध्यापकांशी सोमवारी बोलून इथे तारीख टाकते.

तापीकाठ (भुसावळ)

सिस्टर, धुळ्याचं झालं की भुसावळलाही या. इथे मुलांआधी स्टेशनवरचे हमाल, रिक्षावाले, चहावाले आणि फलाट झाडणाऱ्या बायका घेऊ. काही झालं की पहिले तेच धावतात. त्यांची पाळी दुपारी दोनला बदलते, म्हणून दोन बॅचेस लागतील, सकाळची आणि दुपारची. जागेचं आणि जेवणाचं मी बघतो. जिभाऊ, तुम्ही बेवारस सामानाचं अर्धा तास बोलाल का? सामान काय काय लागेल त्याची यादी सिस्टरने इथेच टाकावी, रुंद पट्ट्या तर मी आजच शिंप्याकडून शिवून घेतो.

जिभाऊ_धुळे

येतो, आबा. तारीख कळवा.